पाणवठ्यावरचा खानदेश

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

मे महिन्यात अमळनेरला येतो म्हणणाऱ्या पाहुण्याला आम्ही दोनदा विचारून घेतो, नक्की मे महिन्यातच ना? पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या खाली यायला तयार नसतो. दुपारी बारा ते चार रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. बोरी नदीच्या पात्रात वाळूशिवाय काही नसतं. अशा दिवसांत माणसानं खिडकीला ओले पडदे लावून पन्हं पीत बसावं, हेच खरं शहाणपण. पण खानदेशातला माणूस उन्हाळ्यात घरात बसलेला मी तरी पाहिला नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकी निंबाच्या फांदीला झोके बांधतात आणि भर उन्हात गाणी म्हणत उंच उंच जातात. पोरं मामाच्या गावच्या विहिरीत दिवसभर डुंबतात. आणि आमच्या अमळनेरात ऐन वैशाखात, बोरीच्या कोरड्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. एकादशीला रथ, पौर्णिमेला पालखी. वाळूत पाळणे लागतात, भांड्यांची दुकानं लागतात, गोडी शेव आणि टरबुजांचे ढीग लागतात. आसपासच्या तालुक्यांतली माणसं रात्रभर त्या वाळूत वावरत असतात.

मंडळी, त्याच वैशाखी पौर्णिमेच्या, म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्री, इकडे पालखीची गर्दी असते आणि तिकडे तापीपलीकडच्या सातपुड्यात काही माणसं झाडावरच्या मचाणात श्वास रोखून बसलेली असतात. खाली एक छोटंसं डबकं असतं. चांदणं पडलेलं असतं. आणि पाण्यावर कोण येतं, याची ती वाट बघत असतात. ही दुसरी गर्दी फार लहान आणि अगदी मुकी. पण तिलाही इतिहास आहे, आणि तो चांगला दोनशे वर्षांचा आहे. मला आज त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी उन्हाळाच का, ते सांगतो. अमळनेर तालुका काळ्या मातीचा, आमच्याकडे जंगल असं नाही. तापी ओलांडून चोपड्याकडे निघालं, की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसू लागते. दक्षिणेला चाळीसगावच्या पलीकडे सातमाळ्याची, अजिंठ्याची रांग. या दोन डोंगरांच्या मधोमध तापी आणि तिला मिळणाऱ्या गिरणा, बोरी, पांझरा या नद्या. पावसाळ्यात दोन्हीकडची जंगलं हिरवीगार होतात, पण तेव्हा त्यात काही दिसत नाही. पानं दाट, गवत कमरेइतकं, आणि पाणी पावलोपावली. जनावराला कुठंही जायची गरज नसते. फेब्रुवारीत साग झडतो, मग सालई, अंजन उघडे पडतात. मार्चमध्ये पळस फुलतो, मोहाची फुलं गळू लागतात आणि अस्वलं खाली उतरतात. एप्रिल संपता संपता नाले आटतात. मग मैलोन् मैल फिरल्यावर एखादा डोह, एखादं कुंड, नाहीतर वाळूत उकरलेला एखादा झिरा, एवढंच पाणी उरतं. वाघापासून तित्तिरापर्यंत साऱ्यांना चोवीस तासांत एकदा तरी तिथं यावंच लागतं. म्हणून ज्याला जनावर बघायचं आहे, त्याला उन्हाळ्यासारखा हंगाम नाही. दुर्दैवानं, ज्याला जनावर मारायचं आहे त्यालाही नाही.

आणि आमच्याकडे या कथेची सुरुवात मारण्यापासून होते.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या हाती आला, तेव्हा तो उजाड झालेला होता. १८०३-०४ चा दुष्काळ, मराठे सरदारांच्या आपसातल्या लढाया, पेंढाऱ्यांची लूट, यांनी गावंच्या गावं ओस पडली होती. पडीक शेतात रान वाढलं आणि रानाबरोबर वाघ सपाटीवर उतरले. आज जिथं आपण केळी आणि कापूस बघतो, तिथं ते फिरत होते. जुन्या गॅझेटियरमधली १८२२ सालची नोंद अशी की, त्या वर्षी हिंस्र जनावरांनी खानदेशात ५०० माणसं आणि २०,००० गुरं मारली. हा आकडा मी मुद्दाम सांगतो. आज आपण गाडीत बसून वाघ बघायला जातो, तेव्हा वाघ आपल्याला देखणा दिसतो. १८२२ सालच्या शेतकऱ्याला तो तसा दिसणं शक्य नव्हतं.

१८२५ मध्ये जेम्स औट्रम नावाचा बावीस वर्षांचा इंग्रज अधिकारी खानदेशात आला. डोंगरातले भिल्ल इंग्रजांना जुमानत नव्हते. लष्कर पाठवून काही साधलं नव्हतं. तेव्हा भिल्लांचीच एक पलटण उभी करायची, असं मुंबई सरकारनं ठरवलं. हीच ती खानदेश भिल्ल पलटण. तिचं ठाणं होतं धरणगाव. अमळनेरहून जळगावच्या गाडीत बसलं की वाटेत लागतं, तेच. औट्रमजवळ भिल्लांना देण्यासारखं फारसं काही नव्हतं, त्यांची भाषाही त्याला येत नव्हती. त्यानं एक युक्ती केली. तो त्यांच्याबरोबर शिकारीला जाऊ लागला. त्यांच्या वस्तीवर राहिला, त्यांच्यासोबत पायी वाघाच्या मागावर निघाला. हा साहेब वाघाला भीत नाही, एवढं पटल्यावर पलटणीत माणसं यायला लागली.

त्याच्या चरित्रात एक प्रसंग आहे. वाघ दाट झुडपात शिरून बसला होता आणि नेम धरायला जागा मिळत नव्हती. तेव्हा सोबतच्या भिल्लांनी आपापली पागोटी सोडली, एकमेकांना गाठी मारल्या, त्यात साहेबाला बांधला आणि झाडाच्या फांदीवरून खाली सोडला. लोंबकळत्या अवस्थेत त्यानं वाघ मारला. चरित्रकार या प्रसंगातून औट्रमचं धाडस दाखवतो. मला मात्र तो वाचताना फांदीवर बसून पागोट्याचं टोक धरून ठेवणारी माणसं दिसतात. वाघ कुठल्या झुडपात आहे, हे त्यांनीच शोधलं होतं. साहेबाचा जीव त्यांच्याच मुठीत होता.

१८२५ ते १८३४ या दहा वर्षांचा हिशेब लिहून ठेवलेला आहे. औट्रम आणि त्याच्या सोबत्यांनी मिळून २३५ वाघ मारले. त्यातले १९१ तो स्वतः हजर असताना पडले. शिवाय २५ अस्वलं, १६ बिबटे आणि १२ रानरेडे. वर्षाला सरासरी तेवीस वाघ, आणि तेही मुख्यतः मार्च ते जून या चार महिन्यांत, कारण पाणवठे तेव्हाच मोजके असतात. रानरेडा आज खानदेशात कुणाला दाखवता येणार नाही. तो होता, हे आपल्याला अशा याद्यांवरूनच कळतं.

खानदेशापुरतंच हे घडत होतं असं नाही. वन्यजीवांच्या इतिहासाचे अभ्यासक महेश रंगराजन यांनी सरकारी इनामांच्या नोंदींवरून हिशेब मांडला आहे. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत इंग्रजी अमलातल्या हिंदुस्थानात ८०,००० हून अधिक वाघ मारले गेले. वाघ मारणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. जंगल तोडायचं, शेत वाढवायचं, सारा वाढवायचा, आणि वाघ या सगळ्याच्या आड येतो, असा तो विचार. तो एकट्या औट्रमच्या डोक्यातला नव्हता.

गंमत म्हणा किंवा आणखी काही म्हणा, चाळीसगावहून कन्नडला जाणाऱ्या घाटाला याच माणसाचं नाव पडलं. औट्रम घाट. आणि १९८६ साली जेव्हा त्या डोंगरात सुमारे २६० चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, तेव्हा सरकारनं त्याचं नाव ठेवलं 'गौताळा औट्रमघाट वन्यजीव अभयारण्य'. १९१ वाघांच्या मृत्यूला जो हजर होता, त्याचं नाव अभयारण्याच्या पाटीवर! मी काही ते नाव बदला म्हणणाऱ्यांतला नाही. नाव राहू द्यावं, पण पाटीखाली तो आकडाही लिहावा. पाटणादेवीला सहलीला येणाऱ्या पोरांना त्यातून पुष्कळ कळेल.

आता पन्नासेक वर्षं पुढं या. १८८० साली खानदेशचं गॅझेटियर छापून निघालं. तोवर सपाटीवरचा वाघ संपत आला होता, डोंगरात तेवढा उरला होता. त्याच सुमारास जेम्स डेव्हिडसन नावाचा मुलकी अधिकारी खानदेशात होता. याला वाघात रस नव्हता, पाखरांत होता. दौऱ्यावर जाता-येता तो पक्षी टिपायचा, त्यांची कातडी भरून ठेवायचा, अंडी-घरटी यांची नोंद करायचा. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्यानं केलेली यादी 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्याचे संपादक ॲलन ह्यूम, म्हणजे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूम. पाखरं आणि राजकारण दोन्ही सांभाळणारी माणसं तेव्हा होती.

बंदूक इथंही आहेच. पण एक फरक पडला आहे. औट्रमची यादी किती मारले याची होती. डेव्हिडसनची यादी काय काय आहे याची आहे. कुठं दिसतं, कधी दिसतं, किती दिसतं, हे तो लिहितो. खानदेशातल्या रानाकडे नोंदवहीतून बघणं इथून सुरू झालं, असं मला वाटतं.

आणि त्याच १८८० साली, ऑगस्ट महिन्यात, जळगावजवळच्या आसोद्याला एक मुलगी जन्मली. बहिणाबाई चौधरी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात काम करता करता तिनं सुगरणीचा खोपा इतक्या बारकाईनं पाहिला की, आज मराठी शाळेतल्या पोरालाही तो माहीत आहे. ती बोलायची आणि मुलगा सोपानदेव व घरातली मंडळी लिहून घ्यायची. तिच्या मृत्यूनंतर, १९५२ साली ते पुस्तक आलं. लिहून घेणारं माणूस घरात होतं म्हणून ते वाचलं. डोंगरातल्या किती जणांचं पाहणं असं कुणी लिहूनच घेतलं नाही, याचा मी पुष्कळदा विचार करतो. त्याचं एक उदाहरण तर जगप्रसिद्ध आहे.

डेव्हिडसननं शहादा परिसरातल्या सागाच्या जंगलात एक पिंगळा टिपला होता. नेहमीच्या पिंगळ्यापेक्षा दणकट, मोठ्या डोक्याचा, पाठीवर ठिपके जवळजवळ नाहीतच. हाच रानपिंगळा. १८७२ मध्ये ब्लेविट नावाच्या माणसानं मध्य हिंदुस्थानात पहिल्यांदा मिळवला, ह्यूमनं १८७३ मध्ये त्याला नाव दिलं. १८८४ नंतर मात्र तो कुणालाच दिसेना. जगभरातल्या संग्रहालयांत मिळून त्याचे सात नमुने, त्यातले बहुतेक आपल्या खानदेशातले. पुढं सलीम अलींसारख्यांनीही शोध घेतला. काही हाती लागलं नाही. रानपिंगळा नामशेष झाला, असं धरून चालण्याची वेळ आली.

यात एक लबाडी होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित इंग्रज पक्षीतज्ज्ञाच्या संग्रहात एक रानपिंगळा होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : गुजरातेतलं मांडवी, १९१४. म्हणजे १८८४ नंतरची ही एकच नोंद, म्हणून शोधणारे तिकडे शोधत राहिले. अमेरिकेतल्या पामेला रासमुसेन या संशोधक बाईंनी तो नमुना नीट तपासला. क्ष-किरणाखाली घातला, शिवण बघितली. कातडी भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनच्या हातची निघाली. कर्नलनं संग्रहालयातून नमुना चोरला, उसवून पुन्हा भरला आणि आपल्या नावाची चिठ्ठी लावली होती! मग बाईंनी ती खोटी नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या जागा धुंडाळायला त्या भारतात आल्या. सोबत बेन किंग आणि डेव्हिड ॲबट. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी, शहाद्याजवळ, एका उघड्या झाडाच्या शेंड्यावर तो बसलेला सापडला. ११३ वर्षांनी. शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतं, नंदुरबार जिल्हा व्हायला अजून काही महिने होते.

ही बातमी जगभर गेली आणि जायलाच हवी होती. पण मला नेहमी वाटतं, हा पिंगळा रात्री लपून फिरणारा नव्हे. तो दिवसा वावरतो, झाडाच्या शेंड्यावर उघड बसतो, शेपटी झटकतो, मोठ्यानं ओरडतो. त्या रानात गुरं चारणाऱ्या, मोहफुलं वेचणाऱ्या माणसांच्या डोळ्यांसमोर तो ती सगळी वर्षं होता. त्यांच्या लेखी तो हरवलेला नव्हता. त्यांना कुणी विचारलं नाही, आणि त्यांच्याजवळ चिठ्ठी लिहायला कागद नव्हता. उलट ज्याच्याजवळ कागद आणि मान दोन्ही होतं, त्यानं खोटं लिहिलं आणि ते ऐंशी वर्षं चाललं.

पुढं तो मेळघाटात सापडला, यावलच्या अभयारण्यात सापडला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही सापडला. मात्र ज्या तळोदा-शहादा भागानं तो जगाला परत दिला, तिथलं जंगल आक्रसत गेलं. सरदार सरोवराच्या विस्थापितांसाठी तळोद्याची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन नव्वदच्या दशकात दिली गेली. नर्मदेच्या पाण्यात ज्यांची गावं बुडाली, त्यांना जमीन नको का द्यायला? हवीच. पण धरण एकीकडे, किंमत मोजणारी माणसं दुसरीकडे आणि पिंगळा तिसरीकडे, असा तो हिशेब आहे आणि तो कुणीही एका ओळीत सोडवू नये.

आता परत पाणवठ्यावर येऊ. पारतंत्र्यात मचाण बंदुकीसाठी होतं. खाली रेडकू बांधायचं, वर साहेबानं किंवा संस्थानिकानं बसायचं. एखाददुसरा वेगळा निघाला. उत्तरेत एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्यानं जंगलातल्या वाटेवर तार लावली. वाघाचा पाय लागला की कॅमेऱ्याचा झोत उडायचा. त्याचं पुस्तक १९२७ साली आलं आणि वाघाचा फोटोही काढता येतो, हे लोकांना कळलं. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यानं १९५१ मध्ये वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा केला. १९६९ मध्ये यावलचं अभयारण्य झालं, सुमारे १७५ चौरस किलोमीटरचं. १९७२ मध्ये देशभराचा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि मचाणावरची बंदूक कायद्यानं खाली उतरली. मचाण मात्र राहिलं. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर बसून चोवीस तास जनावरं मोजायची, ही पद्धत महाराष्ट्राच्या वनखात्यात रुळली. ज्या कारणासाठी औट्रम वैशाखात निघायचा, त्याच कारणासाठी ही मोजणीही वैशाखात. पाणी कमी, चांदणं भरपूर.

काही वर्षांपूर्वी अशा एका मोजणीला मी यावलच्या रानात बसलो होतो. सोबतीला पावरा समाजातले एक वयस्क वाटाडे. मी त्यांना दादा म्हणत होतो, ते मला गुरुजी. दुपारी साडेतीनला वर चढलो. ऊन इतकं, की मचाणाच्या बल्ल्या हाताला चटके देत होत्या. पहिले दोन तास होले, बुलबुल आणि मधमाश्या. दादा खाली उतरून पाण्याभोवती एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, "अस्वल येईल. उशिरा येईल." कशावरून? तर ओढ्याच्या काठचं वारूळ नुकतंच उकरलेलं होतं आणि माती अजून ओली होती. सांजेला मोर आले, एकेक पाऊल मोजत. मग रानडुकरांचा कळप, पिलांसकट. अंधारात रातव्यानं ठोका धरला. चंद्र वर आल्यावर सगळं पांढरं झालं. लांबून वानराचा खोकल्यासारखा आवाज आला, तसे दादा माझ्या कानाशी म्हणाले, "बिबट्या आहे, पण तो वरच्या पाण्याला चालला." मला बिबट्या दिसला नाही. त्यांनाही दिसला नाही. पण तो कुठून कुठं चालला हे त्यांना ठाऊक होतं. दोनच्या पुढं अस्वल आलं. घोरल्यासारखा आवाज करत सरळ पाण्यात पुढचे पाय घालून बसलं आणि बराच वेळ पीत राहिलं.

माझ्या हातात खात्यानं दिलेला तक्ता होता. वेळ, प्राणी, नर की मादी, पिल्लं, आला कुठून, गेला कुठं, शेरा. आणि तळाशी एक ओळ : नोंद घेणाऱ्याचं नाव. तक्त्यातलं जवळजवळ प्रत्येक अक्षर दादांनी सांगितलेलं होतं. मी आधी त्यांचं नाव लिहिलं आणि खाली माझं. सकाळी तक्ते गोळा करणाऱ्या तरुण कर्मचाऱ्यानं ते वाचलं, हसला आणि तसंच ठेवलं.

या मोजणीला शास्त्र म्हणून आता किंमत उरलेली नाही, हेही सांगायला हवं. एकच जनावर रात्रीत दोन पाणवठ्यांवर जाऊ शकतं, वळवाचा पाऊस पडला तर कुणीच येत नाही. पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धतही अशीच मागं पडली. राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि २००५ साली कळलं की जंगलात एकही नाही. त्यानंतर कॅमेरे लावून मोजणी सुरू झाली. २००६ च्या मोजणीत देशात १,४११ वाघ निघाले, २०२२ च्या मोजणीत सरासरी ३,६८२. महाराष्ट्रात ४४४. कॅमेऱ्याला झोप येत नाही आणि तो कुणाची चिठ्ठी चोरत नाही. मचाणावरची ती रात्र मात्र वनखात्यानं बंद केली नाही. 'निसर्गानुभव' या नावानं राज्यातल्या अनेक अभयारण्यांत ती पैसे भरून, नाव नोंदवून मिळते. मला हे पटतं. मोजायला नको, बघायला माणसं येऊ द्यावीत. ज्यानं एक रात्र पाणवठ्यावर काढली, त्याला जंगलातल्या तळ्याचं मोल कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

खानदेशातही वाघ आहे, हे पुण्या-मुंबईच्या लोकांना ऐकून नवल वाटतं. मुक्ताईनगर तालुक्यात डोलारखेडा-वढोदा भागातलं जंगल लहान आणि तुटक. भोवती केळीच्या बागा. केळीच्या बागेत सावली, गारवा, ठिबकचं पाणी आणि रानडुकरं, म्हणजे वाघाला उन्हाळा काढायला दुसरं काय हवं! २०१४ मध्ये तिथं 'मुक्ताई-भवानी संवर्धन राखीव क्षेत्र' जाहीर झालं, सुमारे १२२ चौरस किलोमीटर. पहाटे पाणी द्यायला बागेत शिरणाऱ्या शेतमजुराला मात्र या बातमीचा आनंद किती व्हावा, हा प्रश्न आहे. १८२२ चा शेतकरी आणि आजचा हा मजूर यांच्यात दोनशे वर्षं गेली, पण भीती तीच आहे. त्याच्या भरपाईची, त्याच्या वस्तीवरच्या दिव्यांची आणि रात्रीऐवजी दिवसा मिळणाऱ्या विजेची व्यवस्था झाली, तरच तो वाघ राहील. वनखात्याची पाटी पुरणार नाही.

आणि पाण्याचं काय? मेमध्ये सातपुड्यातल्या एकेका पाणवठ्यावर किती जणांचा हक्क आहे बघा. जनावरं आहेत. गावची गुरं आहेत. तेंदूपत्ता तोडायला आलेली कुटुंबं आहेत, ती तर महिनाभर त्याच पाण्यावर राहतात. आणि आता आपण आहोत, सुटीत पालला, मनुदेवीला, पाटणादेवीला गाड्या घेऊन जाणारे. वीस-पंचवीस वर्षांत ही गर्दी पुष्कळ वाढली, आणि वाढू दे, आपल्या लोकांनी आपलेच डोंगर बघितले पाहिजेत. अडचण वेळेची आहे. आपली भजी-भरिताची पंगत उठते संध्याकाळी सहाला, स्पीकर तोवर चालू असतो, आणि जनावरं पाण्यावर यायला निघतात पाचलाच. दिवसभर तहान मारून बसलेली भेकरं वरच्या झुडपात उभी असतात आणि खाली आपण पत्रावळी गोळा करत असतो, तेही केल्या तर. वनखातं टँकरनं सिमेंटच्या टाक्या भरतं, सौरपंप लावतं. त्या टाक्यांवर आंघोळ करणारे महाभागही मी पाहिले आहेत.

तेव्हा या मेमध्ये जाणार असाल, तर सकाळी लवकर जा. चाळीसगावहून पाटणादेवी अठरा किलोमीटर आहे, उजाडायला पोहोचता येतं. साडेचारला पाण्याजवळून उठा आणि गाव गाठा. पालला राहायचं असेल तर वनखात्याच्या कार्यालयात आधी विचारून घ्या, वणव्याच्या भीतीनं काही वाटा बंद असतात. पाणी घरून न्या, माणशी चार लिटर तरी. आणि तिथल्याच एखाद्या भिल्ल, पावरा किंवा तडवी वाटाड्याला सोबत घ्या, त्याला त्याची मजुरी द्या, तो थांबला की थांबा. वही नेलीत तर पहिल्या पानावर तारखेखाली त्याचं नाव लिहा, मग पक्ष्यांची यादी सुरू करा.